मेणाचा बेनी

तीर्थयात्रेहून परतल्यावर आमच्या चर्चच्या फादर बोनींनी आम्हा बाराही जणांना एकेक पान लिहून द्यायला सांगितलं होतं. विषय होता, ‘या यात्रेने मला काय दिलं’. पॅरिशच्या मासिकात ते छापायचं होतं. अकरा जणांनी आठवड्याभरात पान दिलं आणि जवळजवळ सगळ्यांना शांती मिळाली होती. विल्फीला शांतीबरोबर सर्दीही झाली होती, ती त्याने लिहिली नाही. माझं पान राहिलं ते राहिलंच. फादर पुढची दोन वर्षं रविवारची मिस्सा संपल्यावर मला चर्चच्या दारात गाठून आठवण करत, मग त्यांची बदली झाली, मग ते गेले. आता साठी उलटल्यावर ते पान लिहायला बसले आहे. एका पानात मावेल असं दिसत नाही.

आमचं घर अंधेरीच्या गावठाणात, विमानतळ आणि कारखाने यांच्या बेचक्यात. विमान डोक्यावरून गेलं की बोलणं थांबवायचं आणि ते पुढे गेलं की राहिलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करायचं, ही सवय आम्हाला इतकी होती की शांत जागीसुद्धा आम्ही मध्येच थांबायचो. घरात आई, पप्पा, मी आणि माझा मोठा भाऊ बेनी. उन्हाळ्यात आई बाटली मसाला कुटून घ्यायची आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरायची. त्या दिवसांत सगळं गावठाण शिंकायचं. पप्पा दिवसा पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. संध्याकाळी पडवीत बसून ते सराव करायचे. वरात घरातून निघताना वाजवायची एक चाल आमच्याकडे होती, ती त्यांच्याइतकी कोणी वाजवत नसे. आजूबाजूच्या चार गावठाणांतली निम्मी लग्नं पप्पांच्या ट्रम्पेटवर लागली, असं आई म्हणायची. त्यातली किती टिकली ते ती सांगायची नाही.

बेनीने मात्र लग्न कोर्टात केलं. त्याच्या कंपनीतली सुनीता नावाची मुलगी, मूळची कणकवलीकडची, हिंदू. दोघांनी कोणालाही न सांगता सह्या केल्या आणि संध्याकाळी बेनी एकटाच सांगायला घरी आला. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की चर्चात लग्न नाही तर घरात पाय नाही. बेनीही त्यांचाच मुलगा. तो म्हणाला, ठीक आहे, नाही टाकत पाय. तो गेल्यावर पप्पांनी ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर ढकलली. लोकांना वाटलं की त्यांना धर्माचं लागलं. मलाही तसंच वाटलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांच्या वराती वाजवलेल्या माणसाला स्वतःच्या पोराची वाजवायला मिळाली नाही, हे कळायला मला वेळ लागला. बेनीने मुलुंडला खोली घेतली. आमच्या घरापासून बसने तासाभराचं अंतर. पत्ता सगळ्यांना माहीत होता आणि दोन वर्षांत कोणी गेलं नव्हतं.

अशात ती यात्रा आली. फ्रान्सला देशोदेशींच्या तरुण कॅथलिकांचा मेळावा होता आणि तिथून पुढे डोंगरातलं मरियामाऊलीचं एक मोठं ठाणं बघायचं होतं. फादर बोनींनी कुठून कुठून मदत मिळवली, आम्ही दर सणाला चर्चबाहेर फुगे आणि डुकराच्या मटणाचं सोरपोतेल विकलं. फुगे म्हणजे आमच्याकडचे आंबवलेल्या पिठाचे तळलेले पोकळ गोळे. त्या वर्षी मी इतके तळले की माझ्या केसांना धुतल्यावरही तेलाचा वास यायचा. जाणार हे पक्कं झालं आणि लोक मेण घेऊन घरी यायला लागले.

हे मेणाचं सांगितलं पाहिजे. वांद्र्याच्या मोत माऊलीच्या जत्रेत मेणाच्या वस्तू मिळतात. ज्याचा पाय दुखतो त्याने मेणाचा पाय घ्यायचा, ज्याला घर हवं त्याने घर, ज्याला मूल हवं त्याने बाळ, आणि माऊलीच्या पायाशी ठेवून मागणं मागायचं. हिंदू, पारशी, सगळेच ठेवतात. माऊलीला वाचायला लावायचं नाही, सरळ दाखवायचं, अशी त्यातली समजूत. आता पोरं एवढी फ्रान्सच्या माऊलीकडे चाललीच आहेत तर आपलंही घेऊन जातील, असं गावठाणाने परस्पर ठरवलं. तिथे मेण ठेवतात का, हे आम्ही कोणाला विचारलं नाही, फादरनासुद्धा नाही. वांद्र्याला मेण ठेवायला एवढं मोठं तबक असतं, तर तिथे केवढं असेल, एवढाच आमचा विचार होता. लिझीआंटीने गुडघ्यासाठी पाय दिला. पास्कूमामांनी घर दिलं, कारण त्यांचं घर पाडायची नोटीस आली होती. ग्रेसीने बाळ दिलं, पदराखालून, कोणी बघत नाही असं बघून. अशा सगळ्यांच्या वस्तू मी बुटांच्या खोक्यात भरल्या. विमानतळावर कोणी खोकं उघडायला सांगितलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, कोण जाणे.

आईने निघायच्या दिवशी सकाळी मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिच्या हातात मेणाचा अख्खा माणूस होता, वीतभर उंचीचा, हात अंगाला चिकटलेले, चेहरा कोणाचाही असावा असा. तो खोक्यात टाकू नकोस, म्हणाली. तुझ्या कपड्यांत गुंडाळ. कोणासाठी आहे हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पडवीत पप्पा पेपर वाचत होते. बरीच मिनिटं पान उलटल्याचा आवाज आला नाही.

मेळाव्याबद्दल इतरांनी त्यांच्या पानांत लिहिलंच आहे. गाणी होती, झेंडे होते, पाव होता. पाव रोज होता. तिसऱ्या दिवशी विल्फीने आपल्या आईने दिलेली बाटली मसाल्याची पुडी काढली आणि आम्ही बाराजण पावाला मसाला लावून खाऊ लागलो, तेव्हा शेजारच्या तंबूतली पोलंडची मुलं बघायला आली. त्यातल्या एकाने चव घेतली आणि तो बराच वेळ पाणी पीत राहिला. मला ती यात्रेतली सर्वांत धार्मिक घटना वाटली, कारण नंतर तो आमच्यासाठी प्रार्थना करेन म्हणाला.

मग बसने दिवसभराचा प्रवास करून आम्ही डोंगरातल्या त्या ठाण्याच्या गावी गेलो. जुलैचं ऊन होतं. ड्रायव्हरने सामान लावताना माझं खोकं मागे इंजिनाच्या अंगाला ठेवलं होतं. मुक्कामी पोचून मी झाकण उघडलं. सगळं मेण मऊ होऊन एकमेकांत बसलं होतं आणि खोक्याच्या आकाराची एक वीट झाली होती. एका कोपऱ्यात लिझीआंटीच्या पायाची पाच बोटं वर आली होती, पास्कूमामांच्या घराचं छप्पर मधोमध टेकडीसारखं दिसत होतं आणि ग्रेसीचं बाळ कुठे आहे ते शोधूनही सापडलं नाही. विल्फीने विटेकडे पाहिलं आणि तो म्हणाला, “वाट लागली.” आमच्यात तोच एकटा फादर व्हायला सेमिनरीत जायचा विचार करत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती वीट टॉवेलात घेऊन, माऊली जिथे दिसली म्हणतात त्या गुहेपाशी गेलो. निळी टोपी घातलेली एक स्वयंसेविका होती, आमच्या आजीच्या वयाची. तबक कुठे आहे असं आम्ही खुणांनी विचारलं. तिने मोडक्या इंग्रजीत सभ्यपणे सांगितलं की इथे फक्त मेणबत्त्या लावतात. मग तिला टॉवेलात पायाची बोटं दिसली आणि ती जरा मागे सरली. आम्ही बाहेर येऊन विचार केला. विल्फी म्हणाला की मेणबत्ती म्हणजे तरी काय, मेण आणि वात. मेण आपल्याकडे आहेच. आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक जुनं पातेलं मिळालं, वात म्हणून त्याने बुटाची नाडी काढून दिली आणि गावठाणाची सगळी मागणी आम्ही दुधाच्या रिकाम्या खोक्यात ओतली. त्या वेळी तो म्हणाला की तुझ्याकडचा तो माणूसही दे, एकदमच होऊन जाईल. मी बॅगेतून माणूस काढला. पातेल्यातून पास्कूमामांच्या घराची वाफ निघत होती. त्यात आपल्या भावाला सोडणं मला जमलं नाही. मी तो परत पेटीकोटमध्ये गुंडाळला.

मेणबत्ती लागली. खूप धूर झाला आणि रबर जळल्यासारखा वास आला, पण लागली. आम्ही सगळ्यांची नावं एकेक करून म्हटली. बाकीचे पुढे गेल्यावर मी एकटी मागे राहिले आणि आईचा माणूस गुहेच्या कठड्यावर, कोणाच्या तरी फुलांमागे ठेवून झपझप निघाले. फाटकापाशी पोचते तोच ती निळ्या टोपीची आजी धापा टाकत मागे आली आणि तो माझ्या हातात देऊन हसून म्हणाली की मादमाझेल, तुमची बाहुली राहिली. मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

घरी आले त्या दिवशी आईने दारातच विचारलं, “ठेवलास?” मी हो म्हटलं. एका शब्दाचं खोटं होतं आणि विमान जात होतं, त्यामुळे पुढचं काही बोलावं लागलं नाही. माणूस तेव्हा सुटकेसमध्ये, मोज्यांच्या खाली होता. सावकाश कुठेतरी हलवू म्हणून मी झोपले ती दुसऱ्या दुपारी उठले. उठून पाहते तो सुटकेस रिकामी, कपडे दोरीवर, आणि माणूस नाही. मी पलंगाखाली पाहिलं, कचऱ्यात पाहिलं, विमानतळावर पडला असेल असंही मनाला सांगून पाहिलं. आईला विचारायची सोय नव्हती. त्या रात्री जेवायला बसलो तर आईने चार ताटं मांडली होती. दोन वर्षं तीन असायची. कोण येणार आहे, पप्पांनी विचारलं. येईल तो, आई म्हणाली, आणि चौथ्या ताटात भात वाढला. जेवणं झाल्यावर वाया जायला नको म्हणून ते ताट माझ्यापुढे सरकवलं. हे रोज व्हायला लागलं. आईचा नवस माऊलीपुढे पोचलाय या भरवशावर ती रोज ताट मांडते आहे असं मला वाटायचं, आणि तो नवस मी मोज्यांखालून हरवला होता. माझं वजन वाढलं. रडू आलं तरी भात संपवावा लागायचा.

पहिल्या रविवारी चर्चात आमचं ‘शेअरिंग’ होतं. यात्रेकरूंनी माइकवर येऊन आपला अनुभव सांगायचा. एकेक जण शांती सांगून खाली बसत होता. माझी पाळी आली तेव्हा मी खरं सांगायचं ठरवून उठले होते. पण समोर तिसऱ्या बाकावर आई होती, तिच्या मागे लिझीआंटी, ग्रेसी, पास्कूमामा, आणि सगळे अशा नजरेने बघत होते की जणू ऑपरेशन करून डॉक्टर बाहेर आलाय आणि आता सांगणार आहे. मी म्हटलं की तुमचं प्रत्येकाचं मी स्वतःच्या हाताने माऊलीला अर्पण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्सेत टाळ्या वाजवलेल्या फादर बोनींना आवडत नसत, पण त्या दिवशी त्यांनीही वाजवल्या.

आणि मग मागणी पुरी व्हायला लागली. लिझीआंटीचा गुडघा होता तसाच राहिला, पण तिच्या सुनेला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस गेले. ग्रेसीला मूल काही झालं नाही, तिच्या नवऱ्याला मात्र कंपनीकडून बोरिवलीला दोन खोल्यांचं घर मिळालं. पास्कूमामांची नोटीस कायम होती, पण त्यांची जन्माची कंबरदुखी गेली आणि ते जिन्यावरून उतरताना गाणं म्हणायला लागले. सगळं गावठाण म्हणालं की माऊलीच्या लीला अगाध आहेत. विल्फी आणि मी चर्चाच्या मागे भेटलो. तो म्हणाला, “सगळं मिक्स झालं ना गं आपल्याकडून.” पुढे तो सेमिनरीत गेला नाही, इन्शुरन्समध्ये गेला. आमच्या यात्रेकरूंचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर तो रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतो, पण या विषयावर आम्ही दोघं अजून लिहिलेलं नाही.

सगळ्यांना काही ना काही मिळत होतं आणि आमचं चौथं ताट रोज तसंच. ऑक्टोबरात आगेराचा सण आला. नव्या भाताच्या लोंब्या चर्चात नेऊन आशीर्वाद घ्यायचा आणि घरी नव्या तांदळाचं जेवण करायचं. आमची शेतं कधीच गेली, लोंब्या वसईहून मागवतात, पण जेवण होतं. त्या दुपारी आईने चार ताटं मांडली, चौथ्यात सगळ्यांत आधी वाढलं, वर फुगा ठेवला. बेनीला फुग्याची कडेची कुरकुरीत बाजू आवडायची, तशी बाजू वर करून ठेवला. ते बघून माझा धीर सुटला. मी रडत रडत सगळं सांगितलं. वीट, नाडी, निळी टोपी, मोजे, सगळं. पप्पा पडवीत हात धूत होते, नळ चालू होता, पण त्यांनी तो मध्येच बंद केला ते मला ऐकू आलं.

आई उठली. घरातल्या वेदीपाशी गेली आणि हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंतोनच्या पुतळ्यामागून, जाळीच्या कापडाखालून, मेणाचा माणूस काढून ताटाशेजारी ठेवला.

“सुटकेस कोणी रिकामी केली असं वाटलं तुला?” ती म्हणाली.

मग रोज ताट कशाला मांडायचीस, असं मी कसंबसं विचारलं.

“घरी आला होता ना. उपाशी कसा ठेवणार?” तिने त्याच्यावरची धूळ पदराने पुसली. “मी सांगितलं होतं माऊलीला, पोराला घरी धाड. तिने तिच्या हातात होता तो धाडला. तिची काय चूक गो? पोर मुलुंडला, आणि आपण फ्रान्सला जाऊन शोधतो.” मग म्हणाली की मेणाला भात लागत नाही हे तिलाही कळतं. उद्या आपण दोघी जाऊ.

पप्पा आत आले. आईने त्यांच्याकडे न बघता सांगितलं की उद्या ती तीर्थाला जाते आहे. कुठल्या, त्यांनी विचारलं. मुलुंडच्या. पप्पा बसले, ताट जवळ ओढलं, फुगा तोडला आणि खाल्ला. मला वाटलं की आता ओरडतील. दुसरा फुगा घेताना ते म्हणाले, “त्याला सांग, ताट रोज थंड होतं.”

सकाळी आम्ही बसने गेलो. आईच्या मांडीवर फुग्यांचा डबा आणि पर्समध्ये मेणाचा माणूस. फ्रान्सला जाताना मी इतकी घाबरले नव्हते. दार सुनीताने उघडलं. आम्हाला तिने कधी पाहिलं नव्हतं, तरी तिने एकदा आईच्या नाकाकडे पाहिलं आणि आत जाऊन बेनीला हाक मारली, कारण नाक तेच होतं. बेनी अर्धी दाढी केलेला, खांद्यावर टॉवेल, तसाच बाहेर आला. आईने पर्समधून माणूस काढून त्याच्यापुढे धरला. हे काय, त्याने विचारलं. तू, आई म्हणाली, फ्रान्सला जाऊन आलास. त्याने तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाला की कान आपले नाहीत. मग मी पप्पांचा निरोप सांगितला. ताट रोज थंड होतं, एवढाच. बेनीने टॉवेल तोंडाला लावला. दाढीचा फेस पुसायला लावला असं त्याला दाखवायचं होतं, पण तो बराच वेळ पुसत राहिला. मी भावावर इतकं प्रेम करते हे मला तोवर माहीत नव्हतं. लिहून ठेवते, कारण त्याला अजून सांगितलेलं नाही.

माणूस सुनीताने ठेवून घेतला. तिच्या देव्हाऱ्यात गणपतीच्या बाजूला तो अजून आहे.

पुढच्या रविवारी ती दोघं आली. चौथं ताट रोजचंच होतं, पाचवं फळीवरून काढून धुवावं लागलं. पप्पांनी बेनीला बस म्हटलं आणि सुनीताला तिखट चालतं का विचारलं. ती म्हणाली की मी मालवणी आहे. एवढंच बोलणं झालं. जेवण झाल्यावर पप्पा स्टूल घेऊन गेले आणि कपाटावरची पेटी उतरवली. दोन वर्षांत ट्रम्पेटची एक कळ अडकली होती, तिच्यावर त्यांनी खोबरेल सोडलं, पडवीत उभे राहिले आणि ती चाल सुरू केली. तिसरा सूर फसला. पप्पा थांबले, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. विमान आलं तरी थांबले नाहीत. समोरच्या घरांतून माणसं बाहेर यायला लागली. सुनीताने बेनीला हळूच विचारलं की हे काय वाजवतात.

“वरात निघते तेव्हाचं आहे,” बेनी म्हणाला.

“कोणाची?”

“आपली. थोडी लेट आहे.”